आभारप्रदर्शन, रविवार संध्याकाळी सात

आभार मानण्याच्या बाबतीत माझ्या मित्राच्या सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या काकांचा, हात धरील असा माणूस अख्ख्या दक्षिण गोलार्धात नाही, आणि उत्तर गोलार्धातही आता फारसे उरले नसावेत. तुम्ही त्यांना चहा दिलात तर ते आभार मानतील, आणि नको म्हटल्यावर नाही दिलात तर आग्रह केला नाही म्हणून मानतील. शाळेला निघालेली नात बाय म्हणाली तरी तिचे मानतील. ती नऊ वर्षांची पोरगी एकदा वैतागून म्हणालीसुद्धा, "आजोबा, यू ऑलरेडी थँक्ड मी यस्टर्डे." त्यावर, ते कालच्या बायचे होते, असं काकांनी शांतपणे समजावलं. कॅनबेरातल्या गुंगालिनला लेकीकडे ते कायमचे आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाहिलं, की इथे बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक यू म्हणतो. झालं, ऑस्ट्रेलिया त्यांना तिथेच पसंत पडला. मोठं घर, मोकळी हवा, जावयाची सरकारी नोकरी ही सगळी नंतरची कारणं. पुढे आमच्याकडे लाइट रेल, म्हणजे ट्राम, सुरू झाली. तिच्यात ड्रायव्हर काचेपलीकडे बंद, त्यामुळे लोक आपले गप उतरून चालू लागतात. काकांना हे सहन होईना. ते फलाटावरून चालत थेट पुढच्या टोकाला जायचे आणि ड्रायव्हरचं लक्ष जाईपर्यंत हात हलवत उभे राहायचे. निम्मे ड्रायव्हर आता त्यांना ओळखतात. उरलेल्या निम्म्यांना वाटतं, म्हाताऱ्याचं काहीतरी गाडीत राहिलं.

ही सवय काही इथली नव्हे. चिंचवडच्या एका कारखान्यात ते भाषांतरकार होते. जर्मन यंत्रं यायची, त्यांच्याबरोबर विटेएवढ्या जाडीच्या सूचना-पुस्तिका यायच्या, आणि त्या काका मराठीत आणि इंग्रजीत उतरवायचे. संध्याकाळी कॉलनीच्या व्याख्यानमालेत आभारप्रदर्शन त्यांच्याकडे. तीस वर्षं. अध्यक्ष बदलले, कार्यवाह बदलले, दोनदा भांडणं होऊन मंडळ फुटलं, पण दोन्ही मंडळांचे आभार काकाच मानत. त्यांचं म्हणणं असं, की सूत्रसंचालन बोलघेवडा कोणीही करील, प्रमुख पाहुणा तर पैशाला पासरी मिळतो. पण आभाराला माणूस लागतो, कारण पडद्यामागे कोण राबलं हे त्याला ठाऊक असावं लागतं. आभाराविना कार्यक्रम म्हणजे ताकभाताविना जेवण, पोट भरलं तरी उठवत नाही. आमच्या इथल्या गणपतीत शाळेचा हॉल नऊपर्यंतच मिळाला होता, तेव्हा काकांचे आभार साडेआठला सुरू झाले आणि नऊ वाजता तिथल्या केअरटेकरने दिवे घालवले. अंधारात काका म्हणाले, दिवे इतका वेळ चालू ठेवल्याबद्दल यांचेही आभार. आम्ही हसून हसून मेलो. त्या गोऱ्या माणसाला कोणीतरी अर्थ सांगितला, तर त्याने मुकाट्याने दिवे परत लावले.

आता त्यांचा लेखक. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण त्याचा उच्चार मला अजून जमत नाही आणि काकांच्या देखत चुकण्याची माझी हिंमत नाही. तो जर्मन भाषेत लिहायचा, पण त्याला जर्मन म्हटलेलं काकांना चालत नाही. तो जर्मनीच्या सीमेपलीकडच्या डोंगरातल्या एका गावचा. जन्मभर त्याने गावातल्या माणसांवर लिहिलं, खवचटपणे लिहिलं, आणि गावाने जन्मभर त्याच्याशी बोलणं टाकलं. तो गेल्यावर त्याच गावाने त्याच्या घराचं संग्रहालय केलं. अगदी आपल्यासारखेच आहेत हो, असं काका मोठ्या कौतुकाने सांगतात. कारखान्यात यंत्र बसवायला आलेला तिकडचा एक फिटर जाताना त्याचं पुस्तक विसरून गेला. काकांनी ते तांत्रिक शब्दकोश हाताशी घेऊन वाचायला काढलं, दोन वर्षांत संपवलं आणि मग चाळीस वर्षं पुन्हा पुन्हा वाचलं. ते घर एकदा बघायचं हा त्यांचा ध्यास. पण कंपनी दरवर्षी इंजिनिअर लोकांना तिकडे पाठवायची. भाषांतरकाराला कशाला, त्याला तर भाषा येतेच, असं साहेबांचं अजब तर्कशास्त्र. निवृत्तीनंतर निघणार तर काकू आजारी पडल्या. त्या गेल्यावर काका इकडे आले, इथे बायपास झाली, आणि डॉक्टरने सांगून टाकलं की लांबचं विमान आता विसरा. तेव्हा ते घर बघायचं राहिलं ते राहिलंच.

मग करोना आला. सगळ्या जगाची दारं बंद झाली आणि काकांचं तेवढं एक उघडलं. त्या संग्रहालयात रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम असायचे, कधी वाचन, कधी व्याख्यान, कधी नुसतं कोणीतरी व्हायोलिन वाजवायचं. ते आता ऑनलाइन होऊ लागले. तिकडचे सकाळचे अकरा म्हणजे थंडीत आमचे संध्याकाळचे सात. मित्राने मला फोन केला, "तुझं आयटी आहे ना, बाबांचं तेवढं बघ यार. मी दिवसभर मीटिंगमध्येच असतो, माझं डोकं गेलंय." तेव्हा कोणाच्या घरात जायची सोय नव्हती. म्हणून मी कॅनबेराच्या त्या बोचऱ्या थंडीत त्यांच्या खिडकीबाहेर गुलाबाच्या वाफ्यात उभा राहिलो, काचेवर बोट ठेवून इथे दाबा, तिथे दाबा अशा खुणा करत. आत काका गडद निळा सूट, टाय आणि पॉलिश केलेले बूट घालून बसलेले. टेबलाखालचे बूट कोणाला दिसणार, असं मी नंतर विचारलं. दिसत नाहीत, पण बूट न घालता बोललेलं समोरच्याला कळतं, असं उत्तर मिळालं.

पहिल्या रविवारी कोणा प्राध्यापक बाईंचं व्याख्यान होतं. पडद्यावर दहा-अकरा चौकोन, सगळ्यांत पिकलेली डोकी. एका चौकोनात संग्रहालयाच्या संचालिकाबाई, आखूड केसांच्या, बारीक चणीच्या, आणि अधूनमधून कॅमेरा सरकवणारं एक कोपर. व्याख्यान संपलं, संचालिकाबाई एकदाच धन्यवाद म्हणाल्या आणि चौकोन पटापट विझायला लागले. काकांचा चेहरा असा झाला की मी काचेवर थापच मारली, म्हटलं परत हार्टचं काही झालं की काय. पण काकांनी माइक चालू केला आणि खणखणीत आवाजात जर्मनमध्ये काहीतरी म्हटलं. त्याचा अर्थ त्यांनी मला नंतर सांगितला तो असा: "यंत्र बंद करण्यापूर्वी कृपया पुढील सूचनांकडे लक्ष द्यावे." त्यांचं जर्मन हे असं, सगळं सूचना-पुस्तिकेतलं. पण ती तिकडची माणसं, सूचना म्हटल्यावर जागच्या जागी थांबली. मग काकांनी सविस्तर आभार मानले. प्राध्यापक बाईंचं व्याख्यान अजिबात न थरथरता, न तापता, ठरलेल्या वेगाने चाललं याबद्दल मानले, संचालिकाबाईंचे मानले, श्रोत्यांचे मानले, दोन्ही देशांच्या वीज कर्मचाऱ्यांचे मानले, आणि शेवटी म्हणाले, ज्यांचं फक्त कोपर दिसलं त्यांचेही. त्याबरोबर ते कोपर हललं आणि मागून लोकरी स्वेटर घातलेला, कानात यंत्र लावलेला एक म्हातारा चौकोनात आला. फुकट काम करणारा गावातलाच निवृत्त इलेक्ट्रिशियन होता तो. बावीस वर्षं या घरातले दिवे मी सांभाळतो, पण माझा उल्लेख आजच झाला, असं म्हणून तो पुन्हा कॅमेऱ्यामागे गेला.

पुढच्या रविवारी व्याख्यान संपल्यावर एकही चौकोन विझला नाही. सगळे थांबले होते. तिथून काका त्या संग्रहालयाचे झाले ते झालेच. दर शुक्रवारी ते संचालिकाबाईंना ईमेल करून विचारायचे, या वेळी फुलं कोणी आणली, शेगडी कोणी पेटवली, व्हायोलिनवाल्याला स्टेशनवरून कोण घेऊन आलं. बाईंनी आधी हसून दोन ओळी पाठवल्या. मग पानभर यादी यायला लागली. एकदा पत्रं वाचून दाखवणाऱ्या बाईंचं नाव काकांकडून राहून गेलं. आभारात नाव राहणं हे किती मोठं पाप, हे मंडळात काम केलेल्यालाच कळेल. चार दिवस काकांना जेवण गेलं नाही. त्यांनी त्या बाईंना दीड पानी माफीपत्र लिहिलं आणि पुढल्या रविवारी सुरुवातीलाच पुरवणी आभार मानले. त्या बाई रडल्या म्हणे. निर्बंध सैल झाल्यावर मीही रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागलो. जर्मनमधलं एक अक्षर कळायचं नाही, पण काकांकडे बघत बसायला मला आवडायचं. आपल्या या उपनगरात लोक म्हाताऱ्यांशी चांगलंच वागतात, पण त्यांच्यावाचून कोणाचं अडत नाही. आणि तिकडे, सात समुद्रांपलीकडे, अकरा माणसं दर रविवारी काकांसाठी अडून राहत होती. ते घर बघायचं आहे असं काका आता बोलेनासे झाले. ते त्या घराला लागत होते, एवढं त्यांना पुरत होतं.

दुसऱ्या वर्षी मात्र गंमत झाली. आमच्याकडे दारं पुन्हा बंद झाली आणि नेमकी तेव्हाच तिकडची उघडली. मी माझ्या घरी माझ्या स्क्रीनसमोर होतो, काका त्यांच्या. कार्यक्रमाच्या शेवटी संचालिकाबाईंनी हसत हसत काहीतरी जाहीर केलं आणि सगळे चौकोन टाळ्या वाजवायला लागले. मीही वाजवल्या. काकांनी वाजवल्या नाहीत, तेव्हा मला शंका आली. पुढल्या रविवारपासून कार्यक्रम त्या घरातच, माणसांसमोर होणार होते. कॅमेरा शाळेकडून उसना आणलेला, तो परत जाणार होता. ऑनलाइन बंद. काकांनी नेहमीसारखे आभार मानले, एकही नाव राहिलं नाही. मग ते एक वाक्य अधिक बोलले. त्याचा अर्थ मी रात्री फोनवर विचारून घेतला: "यंत्राचे काम पूर्ण झाले आहे. आता बंद करण्यास हरकत नाही."

त्यानंतर महिनाभर मित्राचे फोन येत राहिले. काका रविवारी सातला सूट घालत नाहीत, हे ठीक होतं. पण ते जेवून उठतात आणि लेकीला काही म्हणत नाहीत. चहा घेतात, काही म्हणत नाहीत. नात बाय म्हणते, तर नुसती मान हलवतात. दहा वर्षं ज्या आभारांना घर कंटाळलं होतं, ते थांबल्यावर घर घाबरून गेलं. डॉक्टरने तपासलं, हृदय ठणठणीत होतं. मला राहवेना. मी कोणाला न सांगता संग्रहालयाला इंग्रजीत ईमेल लिहिला, की काहीही करा पण एक लिंक चालू ठेवा, कॅमेऱ्याचं मी बघतो, आमच्या माणसाची अवस्था बघवत नाही. सरळ भीकच मागितली म्हणा ना. दोन आठवडे उत्तर आलं नाही. मनातल्या मनात मी त्या गावाला भरपूर शिव्या घातल्या.

आमचं लॉकडाउन उठलं त्या आठवड्यात उत्तर आलं. मी तसाच फोन घेऊन काकांकडे गेलो. ते मागच्या अंगणात उन्हात बसले होते. फोन हातात दिला, तर त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. संचालिकाबाईंनी इंग्रजीत लिहिलं होतं, की त्या जुन्या घराच्या भिंती इतक्या जाड आहेत की आत इंटरनेट नीट येत नाही, आणि माणसं समोर असताना कॅमेरा सांभाळायला कोणी नाही. तेव्हा लिंक जमणार नाही, याचं वाईट वाटतं. पण पहिल्या रविवारी कार्यक्रम संपला तरी लोक खुर्च्यांवरून उठेनात. सगळे कशाची तरी वाट बघत बसले. कशाची, हे बाईंच्या लक्षात आलं. शेवटी इलेक्ट्रिशियन आजोबा उठले. त्यांनी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. त्यांनी अडखळत सगळ्यांचे आभार मानले, आणि पहिलं नाव घेतलं ते ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थांचं, ज्यांनी हे घर कधी पाहिलं नाही. तेव्हापासून दर रविवारी कोणीतरी उठतं, आणि सुरुवात त्याच नावाने होते.

काकांनी परत एकदा वाचलं. फोन मला दिला, चष्मा काढून रुमालाने पुसला. माझं नाव आधी घेतलं हे चुकलं, आधी पाहुण्यांचं घ्यायचं असतं, असं काहीतरी पुटपुटले. मग लहान मुलासारखं मला विचारलं, "यावर आपण काय म्हणायचं असतं रे?"

मला लाजच वाटली. तीस वर्षं कॉलनीत आणि दहा वर्षं आमच्या मंडळात या माणसाने प्रत्येकाचं नाव घेतलं, खुर्च्या उचलणाऱ्याचं घेतलं, दिवे घालवणाऱ्याचंही घेतलं; आणि आभार मानणाऱ्याचे आभार मानावेत, हे आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नव्हतं.

"काही म्हणायचं नसतं काका," मी म्हटलं. "नुसतं ऐकून घ्यायचं."

"मग एकदा मोठ्याने वाच," ते म्हणाले, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकायला बसले.