सत्तेचाळीसच्या आधीची की नंतरची? पर्वती ते कात्रज, सायकलच्या एका सांगाड्यासह

आमची सोसायटी पुनर्विकासाला गेली. पार्किंग रिकामं करताना जिन्याखाली वडिलांच्या सायकलची फ्रेम सापडली. चाकं, सीट, हँडल, घंटा हे सगळं गेल्या कित्येक वर्षांत कुणी ना कुणी नेलेलं. एवढा सांगाडाच कुणाला नेण्यासारखा वाटला नसावा. मला मात्र तो पाहताक्षणी पुन्हा रस्त्यावर आणावासा वाटला.

सौ. सुनीता शाळेत मुख्याध्यापिका आहेत, त्यामुळे आमच्या घरी निर्णय लेखी नसले तरी अंतिम असतात. त्या म्हणाल्या, "भाड्याच्या घराला गॅलरी एकच आहे. सत्तेचाळीसच्या आधीची असेल तर ती पुरातन वस्तू, गॅलरीत राहील. नंतरची असेल तर भंगार. रविवारी भंगारवाला येतोय."

"सत्तेचाळीसचीच निघाली तर?"

"आधी शोधून तर या."

हातात दोन दिवस होते. शुक्रवारी रजा टाकली. (असा प्रवास करणार असाल तर शनिवार टाळा. मार्केट यार्ड बंद असतं.) फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळली आणि साडेआठला पर्वती पायथ्याशी रिक्षाला हात केला.

"हे काय हो?" रिक्षावाला.

"सायकल आहे."

"मग चालवत न्या की."

तो गेला. दुसऱ्यानं चादरीतून बाहेर आलेला, पुढचं चाक बसतं तो चिमटा बघितला आणि न थांबता वेग वाढवला. तिसरा तयार झाला, मीटरवर वीस रुपये जास्त आणि फ्रेम माझ्या मांडीवर या अटीवर. स्वारगेटपर्यंत माझी मान वरच्या नळीच्या एका बाजूला आणि उरलेला मी दुसऱ्या बाजूला होतो. पाहणाऱ्यांना कदाचित योगासन वाटलं असेल.

पहिला मुक्काम स्वारगेटजवळचं एक जुनं सायकलचं दुकान. जन्म संस्कृत पोथ्या चाळण्यात गेल्यामुळे मी तयारीनिशी गेलो होतो. पोथीचा काळ ठरवताना कागद, शाई, अक्षरवळण बघतात, कुणी मागाहून काय घुसडलं ते शोधतात. इथे कागद म्हणजे लोखंड आणि शाई म्हणजे रंग. आदल्या रात्री नखानं खरवडून मी पाच थर मोजले होते : काळा, हिरवा, निळा, परत हिरवा, परत काळा.

"पाच थर आहेत," मी दुकानदारांना विजयी मुद्रेनं सांगितलं. "म्हणजे रंगकामाचे निदान पाच कालखंड."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आपण दर कालखंडात घर रंगवता का?"

"नाही, पण..."

"एका वर्षातसुद्धा पाच रंग लागतात सायकलला."

"ते कधी?"

"चोरीची असली की."

एवढं बोलून त्यांनी सीट बसते त्या नळीवरचा रंग ब्लेडनं खरवडला. फ्रेमचा नंबर तिथे ठोकलेला असतो आणि त्यावरून साल काढता येतं, असं ते म्हणाले. खाली नंबर नव्हता. कानशीनं घासून गुळगुळीत केलेला एक चौकोन होता.

"घासलाय," ते म्हणाले. "वडील काय करत होते आपले?"

"गणिताचे शिक्षक होते."

"असं का," ते म्हणाले आणि चष्मा परत डोळ्यांवर घेतला. पुण्यात पोलिसात तक्रार याहून हळू आवाजात होत नाही.

मी बाहेर येऊन अमृततुल्यात चहा घेतला. निघताना प्रश्न फक्त सालाचा होता. आता त्यात वडिलांचं चारित्र्यही आलं होतं. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली तर पूर्ण तास थांबवणारा माणूस! पण घासलेला चौकोन मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

दुकानदारांनीच पुढचं नाव दिलं होतं : मार्केट यार्डातले अप्पाशेठ, कांदा-बटाट्याचे व्यापारी आणि जुन्या सायकलींचे नादिष्ट. गाळ्यात पोत्यांची थप्पी आणि वर छताला चार सायकली टांगलेल्या. हमालांना वाट देत, दोनदा "ओ काका, सरका" ऐकत मी आत पोचलो. अप्पाशेठनी आधी कांदेपोहे मागवले. (गाडीवरचे घ्या. मुबलक कांदा घालतात, कांद्याच्याच बाजारात का घालणार नाहीत?) मग फ्रेम पोत्यावर आडवी घालून डॉक्टरासारखी तपासली.

"वरची नळी इंग्रजी. फिरंग्यांच्या काळातली, शंभर टक्के. बघा, हवेचा पंप अडकवायची खुंटी."

मी मनातल्या मनात गॅलरीत जागा आखली.

"पुढची नळी देशी. नंतरची. दूधवाले वापरायचे तसली जाड."

मी आखलेली जागा पुसली.

"आणि हा डाग बघा," जोडावर ओतलेल्या पितळेवर बोट ठेवून ते म्हणाले, "इतकं जाड पितळ पुण्यात एकच माणूस घालायचा. महादूअण्णा. कात्रजला असतात. लवकर गाठा, ऐंशी उलटलीय त्यांची."

स्वारगेटला परत येऊन कात्रजची बस धरली. कंडक्टरनं मला आणि चादरीला आळीपाळीनं न्याहाळलं.

"वय किती हिचं?"

"तेच शोधायला चाललोय."

"मग फुल तिकीट लागेल."

महादूअण्णांच्या शेतावर आता चार मजली इमारत आहे. खालच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून ते बसले होते. मी चादर सोडली. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नाही, अंगठा जोडावरून फिरवला.

"ह्यो माझाच डाग हाय. मास्तरांची सायकल. तुम्ही त्यांचे कोन?"

"मुलगा."

"व्हय? तोंडानं पाढे म्हनत चालवायचे. एकोणतीसच्या पाढ्यात खांबावर धडाकले. पुढचा समदा भाग चेपला."

नवी फ्रेम वडिलांना परवडणारी नव्हती. अण्णांनी दुकानात पडलेल्या दोन मोडक्या सायकलींच्या नळ्या घेतल्या आणि वडिलांच्या फ्रेममधलं जे धड होतं त्याला झाळून जोडल्या. तीन सायकलींची एक झाली.

मी घसा साफ केला. "पण अण्णा, नंबर कुणी घासला?"

"म्या. मास्तरांनीच सांगितलं. तीन सायकलींचे तीन नंबर, मी इचारलं हितं कंचा ठेवू? तर म्हनले, महादू, एका गणिताची तीन उत्तरं आली तर तिन्ही चूक. पुसून टाक."

मला हसू आवरेना, आणि का कोण जाणे, चष्माही पुसावा लागला.

"हे कुठल्या सालचं?"

"माझं लगीन झालं त्याच साली." त्यांनी वर बघून हाक मारली, "अगं, आपलं लगीन कंच्या साली झालं?"

पहिल्या मजल्यावरून उत्तर आलं, "आता कशाला पायजे? फिरवायचंय का माघारी?"

साल कळलं नाही. पिठलं-भाकरी मात्र मिळाली, वर ठेचा, आणि "पैशे इचारले तर फ्रेम ठिऊन घीन" अशी धमकी.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा सुनीता खोक्यांवर नावं लिहीत होत्या.

"आधीची की नंतरची?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण वडिलांच्या बाबतीत दिवसभर जे छातीत अडकलं होतं ते सुटलं होतं, आणि त्यांच्याच फ्रेमवर हात ठेवून मला ते जमेना. सगळं सांगितलं. "वरची नळी आधीची, पुढची नंतरची, मागची मूळची, पण सालाविना. आधीचा म्हणून सिद्ध झालेला भाग फक्त एक तृतीयांश."

"म्हणजे तेहेतीस टक्के." त्यांनी मार्करचं टोपण लावलं. "पास व्हायला पस्तीस लागतात."

रविवारचा भंगारवाला डोळ्यांसमोर तराजू काढत होता.

त्या उठल्या, फ्रेमभोवती एक फेरी मारली, घासलेल्या चौकोनावर बोट फिरवलं.

"दोन गुण ग्रेस देते. पण हे बाबांना कळलं असतं ना, तर मला नापास केलं असतं त्यांनी."

सध्या फ्रेम गॅलरीत आहे. चाकांचा शोध चालू आहे. रंग काळाच द्यायचा, पण तो चौकोन उघडा ठेवायचा असं ठरलं आहे. गंज धरू नये म्हणून दर रविवारी मी त्यावर तेलाचं बोट फिरवतो, आणि एकोणतीसचा पाढा म्हणून बघतो. एकोणतीस साते दोनशे तीनच्या पुढे अजून गेलेलो नाही.