खुडणे आणि खोदना

आमच्या घरात चांगली हिंदी फक्त मला येते. लखनौत बावीस वर्षं काढलीत. अमीनाबादेतल्या दुकानदारांनाही माझं बोलणं कळतं (ते हसतात, पण तो त्यांचा स्वभाव).

सासूबाईंनी साताऱ्याहून ओल्या फडक्यात गुंडाळून जास्वंदीच्या तीन काड्या आणल्या होत्या. अंगणात त्या विजेच्या खांबासारख्या सरळसोट वाढल्या. फांदी नाही, फूल नाही! इकडे सासूबाईंनी यंदाच्या गणपतीला घरच्याच जास्वंदीचा हार घालणार, असं अख्ख्या भजनी मंडळात जाहीर करून टाकलेलं.

बॉटनी शिकणाऱ्या आमच्या लेकीने, ऋचाने, निदान केलं. "मम्मी, सबसे ऊपर वाले सेल्स नीचे मैसेज भेजते रहते हैं, कि हम बढ़ रहे हैं, तुम चुप बैठो! बाजू की कलियाँ बेचारी दबी रहती हैं."

"अशी घरंसुद्धा असतात," हे पेपराआडून म्हणाले.

मी दुर्लक्ष केलं. शेंडे खुडायचे, एवढंच ना! सासूबाई तेलीबागेत भजनाला गेल्या होत्या. मी ऑफिसला निघता निघता माळ्याला गाठलं.

"रामसजीवन भैया, ये गुड़हल आज खुड डालो."

"खोद डालें?"

"हाँ, हाँ, खुड डालो!"

"तीनों?"

"तीनों! एक भी मत छोड़ना."

"एक बार सोच लीजिए, बहनजी."

"सोच लिया. हमारी बेटी बॉटनी पढ़ती है!"

मी निर्धास्तपणे ऑफिसला गेले.

संध्याकाळी परतले, तर तिन्ही जास्वंदी मुळांसकट ओट्यावर ओळीने निजलेल्या. शेजारी सासूबाई, टाळ हातात तसेच.

"अगं, खुडायला सांगितलंस की खोदायला?"

रामसजीवनने रोपं पुन्हा लावली. "जड़ें हिल गई हैं, ऊपर से छाँटना पड़ेगा," म्हणत त्याने तिन्हींचे शेंडे उडवले. म्हणजे मला हवं होतं तेच झालं, फक्त अंगण उकरून!

त्याच दिवशी माळ्याला सूचना द्यायचं काम माझ्याकडून काढून घेण्यात आलं. मग भाजीवाल्याशी बोलायचं. मग दूधवाल्याशी.

गणपतीत हार झाला. बेताचाच, पण घरच्या फुलांचा. जास्वंदीला चहूबाजूंनी फांद्या फुटल्यात. सासूबाई दूधवाल्याशी हुज्जत घालतात, हे भाजी निवडून आणतात, ऋचा न विचारता बाहेर जाते. घर कसं नुसतं बहरलंय!

शेंडा खुडला की असंच होतं म्हणे.