अंबाजी तरीवाल्याची मांजरं

आगरदांड्याहून दिघीला माणसं नेणारा अंबाजी मोठा प्रेमळ माणूस होता असं सांगितलं, तर ते साफ खोटं होईल. तिरसट होता तो. होडीत चढताना कुणाचा पाय डगमगला की असा खेकसायचा, की त्या माणसाला वाटावं, खाडी पोहून गेलो असतो तर बरं झालं असतं. पण हात सच्चा. त्याच्या होडीतून कधी कुणी पाण्यात पडलं नाही, म्हणून लोक त्याचं तोंड सहन करायचे.

त्याची बायको केसर मानमोडीच्या तापात गेली. मुलगा रघू मुंबईला गोदीत लागला. शिमग्याला येतो म्हणून निरोप धाडायचा, आणि शिमगा आला तसा जायचा. अंबाजीची झोपडी धक्क्याच्या अंगाला, गावापासून जरा सुटी. दिवसभर होडी माणसांनी भरलेली, पण त्यातलं एकही माणूस त्याच्याकडं आलेलं नसे. सगळी पलीकडं जाणारी. संध्याकाळी शेवटची खेप झाली की तो चुलीपुढं बसून भात शिजवायचा आणि त्याला वाटायचं, आपण इथं मेलो तर सकाळी लोक आधी होडी का सुटत नाही म्हणून ओरडतील. हे त्याला खरंच वाटायचं, आणि त्याचं फार वाईटही वाटायचं.

आता मांजरांचं. आपल्याकडं मांजर मारत नाहीत. मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला नेऊन द्यावं लागतं, आणि एवढं सोनं असतं तर मांजराच्या चोरीचं दुःख कशाला झालं असतं? म्हणून चोरटं मांजर पोत्यात घालायचं, सुंभानं तोंड बांधायचं आणि खाडीपार सोडून यायचं. गावाच्या शिवेबाहेर सोडलं तर ते तुमच्या आधी घरी येऊन बसतं. पाणी ओलांडलं की मात्र त्याची वाट तुटते, असं सगळे धरून चालत. हे काम अंबाजीकडं. एक नारळ द्यायचा, पोतं द्यायचं. दिघीला उतारू उतरले की अंबाजी पोत्याचं तोंड सोडायचा, आतलं मांजर तीरासारखं पळायचं, आणि तो रिकामं पोतं झटकून परत फिरायचा. किती मांजरं अशी सोडली याचा त्यानं कधी विचार केला नव्हता.

सव्वीस-सत्तावीस सालची गोष्ट. मनुबाईनं त्याच्याकडं एक जड पोतं दिलं. ही मनुबाई विधवा, सुक्या मासळीचा धंदा करायची आणि बोर्ली पंचतनच्या बाजाराला माल घेऊन अंबाजीच्याच होडीतून जायची. बाई खमकी. तिच्या कोठारात बोंबलांच्या राशी, आणि घरातल्याच दोन भाट्यांना, म्हणजे मांजरींना, त्याची चटक लागलेली. एक पिवळी, फाटक्या कानाची, दुसरी काळी. सख्ख्या बहिणी. कुंपणानंच शेत खाल्लं तर करायचं काय, म्हणाली मनुबाई, आणि नारळ अंबाजीच्या हातात ठेवून मागं न बघता गेली.

दिघीला अंबाजीनं पोतं सोडलं. आतून कुणी आलं नाही. त्यानं पोतं हलवलं, दरडावलं, एक शिवीही दिली. शेवटी वाकून आत पाहिलं, तर दोघी एकमेकींच्या अंगात तोंड घालून, डोळे मिटून बसलेल्या. एक थरथरत होती आणि दुसरी तिला चाटत होती. अंबाजी वाळूत उकिडवा बसून राहिला. परतीचे उतारू ओरडायला लागले, भरती कलायला लागली. त्यानं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेत, ठेवलं आणि कुणी काही विचारायच्या आत वल्ह्याला हात घातला.

असा तो मांजरांचा धनी झाला. आणि मांजर पाळायचं म्हणजे काय, याचा त्याला ओ की ठो ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा त्यानं त्यांना बकरीसारखं खांबाला बांधलं. मनुबाईचं घर तिथून फार लांब नव्हतं. तिकडं गेल्या तर अब्रू जायची. काळीनं खांबाभोवती फेऱ्या घालून गळ्याला असा फास बसवून घेतला, की सोडवताना अंबाजीचे हात ओरबाडून निघाले. मग त्यानं दोरी लांब केली, पण सोडली नाही. जेवायला त्यानं आपल्यातलाच बांगडा दिला, तिखट-मीठ लावून तळलेला. दोघी शिंकून शिंकून बेजार. पेज घातली, त्यांनी पंजा बुडवून झटकला. तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो नुसती उकडलेली मासळी, काटे काढून, पानावर ठेवायला लागला. आपल्या ताटातले काटे त्यानं जन्मात कधी काढले नव्हते.

चुलीतल्या राखेची तर गंमतच. सकाळी चूल पेटवायला गेला आणि घाणीनं नाक धरून बाहेर आला. दोघींना दारात उभं करून त्यानं उतारूंना सुनावायचा तसं सुनावलं. त्या शांतपणे अंग चाटत बसल्या. मग त्यानं किनाऱ्यावरची वाळू फुटक्या पाटीत भरून कोपऱ्यात ठेवली, आणि त्यांनी ती लगेच आपली म्हणून घेतली. या गोष्टीचा त्याला एवढा आनंद झाला, की सांगावी कुणाला म्हणून तो दिवसभर तोंड उघडायचा आणि मिटायचा.

एका संध्याकाळी काळी आपण होऊन त्याच्या मांडीला टेकून बसली आणि तिच्या छातीत घरघर सुरू झाली.  केसरच्या छातीत शेवटी अशीच घरघर लागली होती. अंबाजीनं काळीला गोधडीत गुंडाळलं, छातीला कोमट तेल चोळलं. घरघर वाढतच गेली. दुसऱ्या दिवशी होडीत नूरबानू होती, दिघीला लेकीकडं जाणारी म्हातारी. तिच्या घरात मांजरं वावरत हे सगळ्यांना माहीत. अंबाजीनं, एका ओळखीच्या माणसाचं मांजर आहे असं म्हणून, तिला दुखणं विचारलं. नूरबानू पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग म्हणाली, "अरे बावा, बिमार नाय ती. खुश हाय. त्या मानसाला सांग, तुझ्यावर जीव बसला तिचा."

अंबाजीनं मान वळवून पाण्याकडं बघितलं. त्या खेपेला तो कुणावर ओरडला नाही. लोकांना वाटलं, तब्येत बिघडली असेल.

जीव बसलाय, असं कळल्यावर त्यानं दोऱ्या काढल्या. तिथंच चुकलं. कुत्रा माणसाला धरतो आणि मांजर घराला, हे गावातलं पोरसुद्धा सांगेल. काळी राहिली. पिवळी दोन दिवस दारात बसून वारा हुंगत होती, आणि तिसऱ्या सकाळी ती नव्हती.

ती मनुबाईच्या पडवीत जाऊन बसली होती. फाटका कान बघून मनुबाईनं सगळ्या आळीला हाका मारल्या. मग जो गलका झाला! खाडी पोहून आली! एवढी रुंद खाडी, हा एवढा जीव, आणि आपल्या दारासाठी पोहून आली! बघायला सगळी आळी लोटली. कुणी तिला हळदकुंकू लावलं, कुणी दूध आणलं. बोंबील चोरणारी भाटी एका दिवसात लक्ष्मी झाली. मनुबाईनं तर कोठाराचं दार उघडं टाकलं आणि म्हणाली, खाऊ दे, तिच्याच नशिबाचं आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ही हकिगत सांगायची, आणि दर वेळी खाडी थोडी रुंद व्हायची.

हे अंबाजीच्या कानावर होडीतच आलं. तो काय बोलणार? खाडी ओलांडून पिवळी परत आली होती हे खरंच होतं. त्याच्याच होडीतून आली होती एवढंच.

पण मनुबाईच्या मनाला आता दुसरीची टोचणी लागली. "ती काळी तिकडंच राहिली रे अंबाजी," ती म्हणाली. "तिला पवता आलं नसंल. दिसली तर घेऊन ये." अंबाजी म्हणाला, बघतो. मग रोज तिचा सवाल आणि रोज त्याचं उत्तर, न्हाय दिसली. बाजाराच्या दिवशी ती दिघीला उतरली की मालाची पाटी खाली ठेवायची आणि किनाऱ्याच्या कडेकडेनं, केतकीच्या बनात वाकून, मने, मने, अशा हाका मारत फिरायची. एवढी खमकी बाई, पण हाक मारताना आवाज चिरकायचा. अंबाजी होडीत बसून ते ऐकायचा. जिला ही हाक, ती खाडीच्या अलीकडं त्याच्या झोपडीत कडी लावून ठेवलेली.

होय, तो आता कडी लावायचा. एक गेली, दुसरी जाऊ द्यायची नव्हती. एवढं एकच कुणीतरी त्याच्याकडं थांबलेलं होतं, आणि ते सोडायला त्याचं मन तयार होईना. देवानं मला एवढंपण देऊ नये का, असं तो मोठ्यानं म्हणायचा, ऐकायला काळी सोडून कुणी नसताना.

पण काळी पूर्वीची राहिली नव्हती. पिवळी गेल्यापासून ती दाराच्या फटीला नाक लावून बसायची. मासळीचे काटे काढलेले, पान तसंच. अंबाजी जवळ घ्यायचा तर ती यायची जवळ, पण अंग लाकडासारखं, आणि ती घरघर नाही. त्यानं कान लावून पाहिलं. नाही म्हणजे नाहीच. संध्याकाळी ती ओरडायला लागे, एकाच सुरात, उत्तराची वाट बघत थांबे, पुन्हा ओरडे. अंबाजीला ते सहन होत नसे. दार लावून, भातापुढं बसून, येणार नाही त्याची वाट बघणं काय असतं ते त्याला कुणी शिकवायला नको होतं. आणि ते आता आपणच दुसऱ्या जिवाला करायला लावतोय, हे एकदा मनात आल्यावर त्यानं ताट बाजूला सारलं.

एका दुपारी, खेप नव्हती तेव्हा, त्यानं पोतं काढलं.

मनुबाईच्या अंगणात त्यानं पोत्याचं तोंड सोडलं आणि काळी बाहेर आली. पिवळी पडवीतून उतरली. दोघींनी एकमेकींचं नाक हुंगलं, मग पिवळीनं काळीचं डोकं पंजाखाली दाबून चाटायला सुरुवात केली, सवयीचं काम मधेच राहिलं होतं तसं. काळीनं डोळे मिटले. अंबाजीनं तिच्या छातीकडं बघितलं. एवढ्या अंतरावरून ऐकू येत नव्हतं, पण पोट थरथरताना दिसत होतं.

मनुबाईनं देवाला हात जोडले. कुठं सापडली, कशी सापडली, किती विचारू आणि किती नको असं तिला झालं. मग ती काळीला उचलायला वाकली आणि थांबली. उपाशी वणवण करणाऱ्या मांजराची हाडं दिसतात. ही चांगली भरलेली होती. आणि गळ्याभोवती केस झिजून दोरीचा वळ पडलेला. मनुबाईनं वळ पाहिला, मग अंबाजीकडं पाहिलं.

"दिघीला नेल्या व्हत्या," अंबाजी म्हणाला. "पन सोडल्या न्हाय. दोगी माज्याकडंच व्हत्या, मनुबाय."

मनुबाई पायरीवर बसली.  सगळ्या गावाला सांगितलेलं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार; अंबाजीला वाटलं, आता ही पायताण काढते. पण तिनं आवाज चढवला नाही.

"मागायच्या व्हत्यास रे," ती म्हणाली. "पोतं हातात दिलं तवाच म्हनाला असतास, मला ऱ्हाऊ देत, तर वर दोन नारळ दिले असते. आता कशा देऊ?"

त्यानं मान हलवली. त्याला पटलं होतं. मागायचं असतं हेच त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. ना मनुबाईकडं, ना रघूकडं. रघूला एकदा सरळ ये म्हणून सांगितलं असतं तर, असं त्याला तिथं अंगणात उभं असताना वाटून गेलं. मनुबाईनं विचारलं, त्या काय खायच्या. त्यानं सांगितलं, मासळी उकडून, बिनमिठाची, काटे काढून. आणि काळीला मानेखाली खाजवलेलं आवडतं. मग त्यानं पोत्याची घडी केली, ती काखेत मारली आणि जायला वळला.

"बस जरा," मनुबाई म्हणाली. "च्या टाकते."

"उतारू खोळंबलेत," अंबाजी म्हणाला.

ओहोटी होती. होडी चिखलात बसलेली, आणि भरती येईपर्यंत धक्क्यावर चिटपाखरू फिरकणार नव्हतं. मनुबाईचा सगळा जन्म त्या खाडीकाठी गेला होता, तिला ते ठाऊक होतं. तिनं त्याला जाऊ दिलं.