बोटभर जास्त

पहिल्या भेटीत मन्मथअप्पांनी रुग्णालयातल्या पलंगावरची चादर वितीने मोजली आणि निर्वाळा दिला, "आखूड हाय. फाडणाऱ्यानं हात आखडला." ताडकळसच्या बाजारात त्यांचे कापडाचे दुकान होते. "बोटभर जास्तच फाडावं, बाई. कमी पडलं तर जोडता येत न्हाई," असे ते कोणालाही ऐकवत.

त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीत कर्करोग होता. तांदळाच्या दाण्याहून लहान किरणोत्सारी कण तिथे कायमचे बसवायचे होते. ते किती आणि कुठे, हे ठरवणे माझे काम. पडद्यावरचा आराखडा मी त्यांना दाखवला. किरणांच्या मात्रेची रेषा ग्रंथीच्या किंचित बाहेरून जात होती. मधली मूत्रनलिका शक्य तितकी वाचवली होती. अप्पा खुलले. "म्हंजे तुमी बी बोटभर जास्तच फाडायलाव की!"

आकड्यांशी माझे जमते. माणसांसमोर जीभ अडखळते. कण बसवून झाल्यावर घरी निघताना त्यांनी विचारले, "नात झालीय. मांडीवर घेऊ ना?" अंगातल्या किरणांमुळे पहिले दोन महिने फार वेळ घेऊ नये, क्षणभर घेतल्यास हरकत नाही, इतकेच सांगायचे होते. तेही समजावणे मला अवघड वाटले. मी म्हणाले, "मी सांगेपर्यंत नकोच, अप्पा."

त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "बरं. तुमचा शब्द."

मधल्या तपासण्या त्यांच्या गावाजवळ, परभणीलाच झाल्या. वर्षभराने ते मुलगा, सून आणि नातीसह आले. आजार आटोक्यात होता. माझे गणित अचूक ठरले होते. मुलगा नागेश हसत म्हणाला, "मॅडम, आता तरी यांना सोडा. पोरगी वसरीत आली की हे दुकानात पळायलेत. तिच्या गळ्यात लिंग बांधलं, त्या लिंगधारणालाबी मांडी माझ्या सासऱ्याची!"

"अहो, दोनच महिने होते ते!"

"दवाखान्याच्या कागदावर तसंच हाय, म्हणलं मी. फोन लावू का म्हणलं, तर म्हणे, बाई कामात असत्याल. सांगतील तवा सांगतील."

"तुमी मोकळं केलं न्हवतं ना," अप्पा म्हणाले. स्वरात तक्रार नव्हती.

मी कसेबसे "घ्या" म्हणाले. त्यांनी हात पुढे केले. नात आईच्या पदराआड गेली. अप्पांनी हात हळूच मागे घेतले आणि समजूत माझीच घातली. "असू द्या, बाई. बोटभर जास्त फाडलं तुमी. कमी तर न्हाई."

पुढच्या तपासणीला ते आले नाहीत, तेव्हा धीर करून मीच फोन लावला. नागेशने उचलला. अप्पा हृदयविकाराने गेले होते.  मग तो म्हणाला, "आत्ता कुठं पोरगी जायली होती ओ, मॅडम, त्यांच्याकडं."