मुकादमांचा जास्तीचा ‘द’

अमीन मुकादम सव्वीस वर्षं मस्कतच्या बौशरमध्ये किराणा दुकान सांभाळत होते. तांदूळ आणि साबणाबरोबर तिथे रुबाबही मिळे, तो मात्र फुकट. रुबाबाचं मूळ आडनावात होतं. रत्नागिरीकडे ते साधं ‘मुकादम’. आजोबा रस्त्याच्या खडीवर गडी हाकायचे. मस्कतला आल्यावर अमीनभाईंनी त्यात एक ‘द’ जास्तीचा घातला. अरबीत मुकद्दम म्हणजे फौजेतला बडा अधिकारी. आपण फौजेत होतो असं ते कधी म्हणाले नाहीत. नव्हतो, असंही नाही. सरकारी नोंदणी कचेरीत नोकरीला असलेला नबील दुकानात शिरताना “या मुकद्दम!” म्हणायचा, की यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मुलगा सुफियान सिव्हिलची डिग्री घेऊन कुरुमच्या एका कंपनीत चिकटला होता. कंपनीने बजावलं, महिनाअखेर ‘प्रशिक्षणार्थी अभियंता’चं प्रमाणपत्र आणा, नाहीतर बॅग भरा. सोबत यादी: डिग्री, तिच्यावर तीन शिक्के, प्रत्येक सेमिस्टरची मार्कशीट, परीक्षेचा निकाल, आणि नोंदणीकृत इंजिनियर याच्यावर नजर ठेवेल असं हमीपत्र. पोरगा अजून शिकाऊच आहे, हे सिद्ध करायला अकरा कागद! सुफियानने बिचाऱ्याने सगळे जमवले. राहिला फक्त अरबी फॉर्म.

“अब्बा, मी ऑनलाइन फिल करतो ना.”

“गप. अरबी कोणाला येतं, तुला की मला? यल्ला, चल.”

अरबी फॉर्म भरून देणाऱ्या टायपिंगवाल्या रमणने आडनाव विचारलं. अमीनभाई छाती काढून म्हणाले, “मुकद्दम.” कागदांवर तर ‘मुकादम’ होतं, म्हणून रमणला वाटलं, साहेब मुलाचा हुद्दा सांगताहेत. त्याने इमानदारीत तो लष्करी पदाच्या रकान्यात टाकला. अमीनभाईंनी फॉर्म वाचल्यासारखं केलं आणि मुलाच्या वतीने खाली सही ठोकली. बोलायची अरबी त्यांना येत होती. वाचायची नाही, हे घरातही कोणाला माहीत नव्हतं.

आठव्या दिवशी उत्तर आलं: अर्जदार लष्करी अधिकारी आहे, सेनेचं परवानगीपत्र जोडा. मुदतीला दोन दिवस उरले होते. बापलेक नोंदणी कचेरीत धावले, तर खिडकीत नेमका नबील; तो अरबीत सुरू झाला.

“या मुकद्दम! मुलगाही फौजेत? माशाल्ला! पत्र द्या, लगेच शिक्का मारतो.”

“टायपिंगवाल्याची चूक आहे,” अमीनभाई पुटपुटले.

“चूक कसली? तुम्हाला मी अठरा वर्षं ओळखतो.”

मागे रांग चुळबुळत होती. सुफियान बापाच्या तोंडाकडे बघत होता. आयुष्यात इतकी लाज अमीनभाईंना कधी वाटली नव्हती.

“आमच्यात कोणी फौजेत नव्हतं,” ते शेवटी म्हणाले. “मुकद्दम नाही, मुकादम. आजोबा खडी फोडणाऱ्या मजुरांवर देखरेख करायचे. मी वाणी आहे.”

 नबीलने कोरा कागद पुढे सरकवला. “हे लिहून द्या.”

“अरबी लिहा-वाचायला येत नाही, न वाचता एकदा सही ठोकली तेवढी पुरे. तू लिही, मी अंगठा देतो.”

नबीलने लिहिलं, वाचून दाखवलं, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला हाक दिली.

बाहेर आल्यावर सुफियानने विचारलं, “अब्बा, इतका वेळ अरबीत काय सांगत होता तुम्ही?”

“तुझं आडनाव,” अमीनभाई म्हणाले आणि अंगठ्याची शाई पँटला पुसू लागले.