नवऱ्याच्या सेफ्टी बुटांना चव्वेचाळीस खिळे

मी माझ्या नवऱ्याच्या बुटांना चव्वेचाळीस खिळे ठोकले, आणि ते सगळे सरळ बसले.

झालं असं, सौदीत जुबैलच्या आमच्या कंपाऊंडात लुसियाबाई राहायच्या, स्पेनच्या. त्या बायकांना फ्लामेंको शिकवायच्या. एकदा मी लेकीला, चिऊला, कडेवर घेऊन त्यांना आमच्या गावची जाखडी नाचून दाखवली, तर बाई वेड्याच झाल्या! (जाखडी पुरुष नाचतात हे मी सांगितलंच नाही. विचारलं कोणी?)

शेजारच्या शाहीनभाभी, रत्नागिरीच्या, बाईंचं इंग्लिश मला समजावायच्या. "अगो, ती म्हणते तुझा नाच तसाच ठेव, तिचा तसाच ठेव, आणि मधे काहीतरी आजच्या जमान्यातलं घालूया."

"म्हणजे काय करायचं?"

"जमिनीवर पडायचं आणि धापा टाकायच्या."

धापा तर मला बसल्या जागी लागतात! मी लगेच हो म्हटलं.

पण फ्लामेंकोच्या बुटाला खाली खिळे असतात, टाच आपटली की वाजले पाहिजेत. लुसियाबाईंचे बूट मला होईनात. मग आठवलं, हे म्हणाले होते, "जुने सेफ्टी बूट टाकून दे गं." दाराशी एकच जोड होता, धुळीने माखलेला. ठोकले खिळे, आत कापूस कोंबला आणि दुपारभर नाचले. संध्याकाळी कापूस काढून बूट होते तिथे ठेवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे हे ड्युटीला निघाले आणि जिन्यात आवाज, टक टक टक टक! मला वाटलं, लुसियाबाई एवढ्या लवकर उठल्या?

मग लक्षात आलं. अहो, काल हे जुने बूट घालूनच कामावर गेले होते! दाराशी होते ते नवे! (जुबैलची धूळ अशी, दोन दिवसांत नवं-जुनं सगळं एका वयाचं दिसतं.)

धावत खाली गेले तर कंपनीची बस गेलेली. फोन लावला तर घरातच वाजला, प्लांटच्या गेटवर काढून घेतात म्हणून हे नेतच नाहीत. आणि प्लांट गॅसचा! खिळ्याची एक ठिणगी उडाली तर? त्यात ते सौदायझेशनचे दिवस. यांच्या जागी सौदी माणूस येणार अशी बोलवा होती, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, महिन्याभरात संपणार, आणि त्यावर सही करणार नवा सुपरवायझर फहद! मी रडायलाच लागले.

शाहीनभाभी खिडकीतून बघून म्हणाल्या, "अगो, अजून धूर नाय दिसत. चाय पी."

संध्याकाळी हे आले ते पिवळे गमबूट घालून.

"अहो, काढलं का हो कामावरून?"

"थांब गं! जिन्यात टकटक ऐकलीच होती, बसमध्ये बसल्यावर तळवे बघितले. मग गेटवर मीच फहदला पाय वर करून दाखवला. तो म्हणतो, हे काय? मी म्हटलं, वाइफ, सर. वाइफ काय करते? म्हटलं, डान्स."

"डान्स कशाला सांगितलंत! मग?"

"मग त्याने विचारलं, इकामा कधी संपतो?"

मी तिथेच खाली बसले. (धापाही टाकल्या, लुसियाबाई असत्या तर टाळ्याच वाजवल्या असत्या!)

"म्हणाला, चूक लपवणारे ढीगभर आहेत, स्वतःचा पाय दाखवणारा पहिलाच बघितला. तुला सोडत नाही. करतो रिन्यू."

मी देवाला हात जोडले. "खलास, संपलं एकदाचं, सुटलो!"

"सुटलो कसले? अट घातलीय. माझे बूट यापुढे घरी येणार नाहीत. कंपनीच्या लॉकरमध्ये राहणार आणि चावी फहदकडे."

म्हणजे बघा! यांची नोकरी जाईल म्हणून मी दिवसभर रडले, ती राहिली. लग्नापासून नवऱ्याचे बूट सांभाळायचं काम माझ्याकडे होतं, तेवढं गेलं आणि त्या जागेवर सौदी माणूस लागला. आमच्या घरात सौदायझेशन झालं ते एकटीचं, माझं!