वाढीव वजन

आमच्या ताईंना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सगळ्या वस्तीला त्या काटामावशी. स्वभावाने काटेरी म्हणून नव्हे हं, तो मान घरात माझा आहे. लहान मुलांच्या दवाखान्यात त्या वजनकाट्यावर असायच्या, म्हणून काटामावशी. नात्याने माझी मोठी नणंद. नवरा गेला तेव्हा तान्ह्या लेकीला घेऊन भावाकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. नणंद-भावजयीचं जेवढं वाजायला हवं तेवढं आमचं कधी वाजलंच नाही. भांडायला दोघी लागतात, आणि मी ऐन रंगात आले की या समोर बसून हसायच्या. अशी चीड यायची मला!

दवाखाना म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेर बाकं, त्यांवर आया, आयांच्या मांडीवर किरकिरणारी मुलं. आत एका कोपऱ्यात पडदा, पडद्यामागे ताईंचं टेबल. टेबलावर पांढरा काटा, वर मूल निजवायचं पसरट भांडं, आणि गोल तबकडीचं तोंड ताईंकडे. अर्ध्या भिंतीपलीकडे डॉक्टर. ताईंनी मुलाचे कपडे उतरवायचे, त्याला भांड्यात ठेवायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. डॉक्टर तिकडे दुसऱ्या मुलाचा घसा बघताबघता तो टिपून घ्यायचे. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. डॉक्टर सगळ्यांना सांगायचे, "आमच्या मावशींचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ."

आता खरं काय ते सांगते. ताई आकडा वाढवून सांगायच्या.

सगळ्यांचा नाही. बाळाबरोबर नुसती आई आली असेल तर काटा दाखवेल तेच. पण आईच्या मागे सासू उभी असेल, नाहीतर आत्या, नाहीतर कपाळाला आठ्या घालून नवरा, आणि ती पोरगी मान खाली घालून दुपट्याची गाठ सोडत असेल, तर ताईंचा जीव कळवळायचा. मूल भांड्यात हातपाय झाडतं, काटा थरथरतो. त्या थरथरीतला वरचा आकडा त्या पकडायच्या. कधी त्याच्याही थोडा वरचा.

मी त्यांना म्हटलं होतं, "ताई, दुकानदार मापात मारतात ते ऐकलंय. मापात वाढवणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"अगं, काटा काय, आज इकडे उद्या तिकडे," त्या म्हणाल्या. "पण त्या पोरीला घरी जाऊन दोन घास सुखाने खाता येतात. तुला नाही कळायचं. तुझी मुलं जन्मतःच गलेलठ्ठ."

हा टोमणा नव्हता. त्यांची स्वतःची लेक जन्मली तेव्हा मुठीएवढी होती. सासरच्यांनी ताईंना बोलून बोलून नको जीव केला होता. दूधच पातळ आहे हिचं, पोर उपाशी मारतेय, असं काय काय. तीच लेक आज धडधाकट आहे, नोकरी करते, आईलाच दटावते. तेव्हा बारीक मुलं मागाहून भरतात, मधल्या काळात आईला जपायला हवं, हे ताईंनी मनाशी पक्कं धरलेलं. आणि बहुतेक मुलं भरतही होती. मग मीही गप्प बसले. खोटं कशाला बोलू, मला त्यात मोठंसं काही वाईट दिसलंच नाही.

मग ती मुलगी आली. मुलगी म्हणजे आईच, पण वय काय तिचं! पहिलटकरीण, अंगाने काटकुळी, आणि बोलणं इतकं हळू की दोनदा विचारावं लागे. बरोबर सासू. सासूबाई वाईट नव्हत्या, पण तोंड म्हणजे पट्टा सुटलेला. "बघा हो मावशी, शेजारणीची नात हिच्या पाठची, पण दुप्पट झालीय. आमच्या सुनेला धड पाजता येत नाही." बाळ मुलगी होती. मोठे डोळे, घामेजलेलं कपाळ. पाजायला घेतलं की दोन घोटांत दमायची आणि सोडून द्यायची.

पहिल्या खेपेला ताईंनी थोडंसंच वाढवलं. सासू "असं होय" म्हणाली, सुनेने मान वर केली. झालं! पण पुढच्या महिन्यात पंचाईत. मुलगी वाढलीच नव्हती. आता खरा आकडा सांगितला असता तर वजन घटलं असं दिसलं असतं, आणि सासूने पोरीला फाडून खाल्लं असतं. म्हणून मागचं वाढीव धरून त्यावर ताईंनी आणखी वाढवलं. त्याच्या पुढच्या महिन्यात त्याहून जास्त. एकदा टाकलेलं परत काढता येत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं म्हणे. मला मात्र यातलं एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर ताई तापाने आजारी पडल्या. उठवत नव्हतं, म्हणून दवाखान्यात नवी सिस्टर काट्यावर बसली. नुकतीच शिकून आलेली, नियमाला धरून चालणारी पोरगी. दुपारी ती आमच्या दारात उभी. डोळे रडून लाल.

"मावशी, मी चुकले नव्हते ना?" आत येताच तिने विचारलं.

तिला बसवलं, पाणी दिलं, तेव्हा सगळं कळलं. सकाळी ती सासू-सून बाळाला घेऊन आल्या होत्या. सिस्टरने जे दिसलं ते सांगितलं. डॉक्टर तिच्यावर खेकसले, "काटा वाचता येत नाही का?" मग स्वतः उठून आले, स्वतः वजन केलं. आकडा तोच. महिन्याभरात मुलगी एक किलोहून जास्त घटली असं त्यांना वाटलं. त्यांचा चेहरा उतरला. एवढं घटायचं म्हणजे अंगातलं पाणी गेलं असणार, नाहीतर काहीतरी भयंकर लागण झाली असणार. त्यांनी तिथूनच तिला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं आणि फोन करून तसंच सांगितलं. तिथे बाळाला सलाईन लावली होती.

"आणि मगाशी फोन आला," सिस्टर म्हणाली, "सलाईन दिल्यापासून तिचा श्वास जास्तच लागलाय. त्यांनाही समजेना. डॉक्टर परत मलाच म्हणतात, काटा आधी शून्यावर होता ना नक्की? पण मावशी, मी दोनदा बघितलं होतं हो."

ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "तू बरोबर आहेस," एवढंच म्हणाल्या. तोंड काही इकडे केलं नाही.

सिस्टर गेली. मी दार लावलं आणि त्यांच्या उशाशी बसले. "ताई, इकडे बघा."

मग बाहेर पडलं सगळं. कितीने वाढवलं, कितीदा. मी ऐकत होते. ते बाळ घटलं नव्हतं. ते वाढलंच नव्हतं, पहिल्यापासून. आणि तिकडे मोठे डॉक्टर कालपरवाचा आजार शोधत बसले होते.

"उठा," मी म्हटलं.

"मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही गं."

"तोंड गेलं चुलीत!" मी ओरडले. जन्मात त्यांच्यावर अशी ओरडले नव्हते. "तुमच्या तोंडापायी पोर मरू द्यायची का? एवढी वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना हातात घेतलंत, आणि आता पांघरूण घेऊन पडता? उठा म्हणते ना!"

त्यांनी पायात चपला घातल्या त्याही उलट्यासुलट्या. रिक्षात त्यांचं अंग तापाने भाजत होतं आणि दात वाजत होते. मला दया येत नव्हती असं नाही, पण राग जास्त होता.

दवाखान्यात बाकं भरलेली होती. आया "काटामावशी आल्या, बऱ्या झाल्या वाटतं" म्हणून हसल्या. ताई कुणाकडे न बघता सरळ डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. "मी वजनं खोटी सांगितली," त्या म्हणाल्या. "त्या मुलीची. ती पहिल्यापासून अशीच आहे. पाजताना दमते, घाम येतो तिला, ते मी बघत होते."

डॉक्टरांनी आधी फोन उचलला. "सलाईन थांबवा," ते तिकडच्यांना म्हणाले, "हे आजचं नाही, महिन्यांचं आहे. हृदय बघा आधी." मग फोन ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. तसेच बसून म्हणाले, "श्वास जोरात वाटायचा मला. वजन चढतंय म्हटल्यावर मी सर्दी समजत राहिलो. मावशी, मी तिला माझ्या डोळ्यांनी बघत होतो, आणि डोळ्यांपेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवला." ओरडले असते तर बरं वाटलं असतं. शेवटी म्हणाले, "आता काट्यावर बसू नका." ताई "हो" म्हणाल्या. बाहेर येऊन त्यांनी त्या नव्या सिस्टरपुढे हात जोडले, सगळ्या बाकांदेखत. सिस्टर बिचारी गोंधळून रडायलाच लागली.

हृदयाला भोक होतं. मोठं होतं. तिकडचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने बरं होण्यासारखं आहे, पण मूल इतकं खंगलंय की आत्ता हात लावायची सोय नाही. आधी अंगावर थोडं मांस चढू दे. दोन महिने आधी आणलं असतं तर सोपं गेलं असतं. नळीने दूध घालून, औषधं देऊन ते त्या जिवाला हळूहळू वर आणत होते. ते दिवस आमच्या घरात कसे गेले ते मी जाणे. ताईंना घास गिळेना. रोज त्या हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जायच्या आणि परत फिरायच्या. मी चिडून म्हणायचे, "आत तरी जा, नाहीतर जाऊ तरी नका." त्यावर त्या हसायच्या नाहीत. भांडायला समोर कुणी नसलं की घर कसं भकास वाटतं ते मला तेव्हा कळलं.

ऑपरेशन झालं. पार पडलं. धोका टळला असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वतः घरी येऊन सांगितलं, तेव्हा ताई ढसाढसा रडल्या आणि मला म्हणाल्या, "आता चल माझ्याबरोबर. त्या पोरीला सांगायचंय."

वॉर्डात ती आई बाळाच्या पलंगाशी बसली होती. बाळाच्या छातीवर पट्टी, पण ओठ गुलाबी. सासूबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या. ताईंना बघून पोरगी उठून उभी राहिली आणि त्यांचा हातच धरला. "मावशी, किती दिवसांनी! तुम्ही एकट्याच माझ्याशी गोड बोलायचात."

ताईंनी हात सोडवून घेतला आणि सांगून टाकलं. एका दमात, काही न लपवता. मला वाटलं, आता ही थोबाडीत मारेल. मारावी, असंही वाटलं.

ती खाली बसली. बाळाचं पांघरूण सारखं करत राहिली. "मला ठाऊक होतं, मावशी," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"ती वाढत नव्हती ते. रोज मीच अंघोळ घालायचे ना. पहिल्या महिन्यातलं झबलं तिला चौथ्या महिन्यातही येत होतं. मला कळत होतं, तुमचा आकडा खरा नाही." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "पण तुम्ही तो आकडा सांगितलात की पुढचा महिनाभर घरी मला कुणी बोलायचं नाही. मला तो हवा होता. मी विचारलंच नाही तुम्हाला. माझ्या सुखासाठी लेकीला उपाशी ठेवलं मी." आणि मग घाईघाईने म्हणाली, "सासूबाईंना नका सांगू. पाया पडते."

ताई पांढऱ्याफटक पडल्या. आजवर त्या एकट्या स्वतःला खात होत्या. त्यांच्या खोट्याने या पोरीलाही तेच करायला लावलं होतं, हे त्यांना आत्ता समजलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. दोघींचे चेहरे बघून थबकल्या. "काय झालं? बाळ बरं आहे ना?"

ताई वळल्या. "बाळ बरं आहे. मी सांगायला आले होते, वजनं मी खोटी सांगितली. तुमच्या सुनेला शंका आली होती. तिने मला विचारलं होतं, दोनदा विचारलं, मावशी, आकडा नीट बघा, ती वाढत नाहीय. मीच तिला दटावून गप्प केलं."

असं कधी झालंच नव्हतं. आम्हा तिघींना माहीत होतं, सासूबाईंना सोडून.

सासूबाईंनी ताईंना जे काही म्हणायचं ते म्हटलं. सगळा वॉर्ड ऐकत होता. ताई मान खाली घालून उभ्या होत्या. मग त्या बाई सुनेकडे गेल्या, तिचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "तू विचारलं होतंस, आणि मी मेली तुलाच घालूनपाडून बोलत राहिले." सून रडत होती, पण तिने मान वर केली नाही. आम्ही निघून येईपर्यंत केली नाही.

रस्त्यावर आल्यावर आम्ही घराकडे चालू लागलो. मग ताईंनी विचारलं, "काय गं, माणूस एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकत राहिलं, तर ती खरीच झाली होती असं त्याला वाटायला लागतं ना? त्या पोरीला वाटेल ना कधीतरी, की आपण विचारलं होतं?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही वाटणार, ताई," मी म्हटलं. "तिला ठाऊक आहे."

त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. मीही शेजारी बसले.